प्रतिज्ञा कोणासाठी?

दिलेला शब्द मोडणारा माणूस आपल्या मनातून उतरतो, आणि ते रास्तच आहे. तथापि शब्द पाळणे हेच जेथे पातक ठरले असते, असा एक प्रसंग महाभारतकाराने कर्णपर्वात रचला आहे. कर्णाच्या बाणांनी विद्ध होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर, कर्ण अद्याप जिवंत आहे असे कळताच, संतापाच्या भरात अर्जुनाला गांडीव दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास सांगतो. आणि असे म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करण्याचे गुप्त व्रत घेतलेला अर्जुन ज्येष्ठ बंधूवरच तलवार उपसतो. त्याला आवरताना श्रीकृष्ण कौशिक नावाच्या तापसाची कथा सांगतो. दरोडेखोरांच्या भयाने रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा या सत्यव्रती तापसाने त्या दरोडेखोरांनाच सांगितला; माणसे मारली गेली, व्रत अभंग राहिले, आणि कौशिक नरकात गेला.

या कथेपुढे भीष्माला उभे केले की मला अस्वस्थ व्हायला होते. जिच्या विवाहासाठी देवव्रताने राज्य आणि संसार यांचा त्याग केला, तीच सत्यवती विचित्रवीर्याच्या मृत्यूनंतर वंश राखण्याची त्याला विनवणी करते. प्रतिज्ञेचा हक्कदारच फारखती देऊ करीत असता भीष्म ती नाकारतो, तेव्हा ती प्रतिज्ञा स्वतःच्या कीर्तीखेरीज आणखी कोणासाठी उरते? तिची किंमत मात्र अंबिका आणि अंबालिका या दोन विधवांनी मोजली. याच भीष्मावर चक्र घेऊन धावणारा कृष्ण शस्त्र न धरण्याचा आपला शब्द मोडतो, पण त्या मोडण्याचा कलंक तो स्वतःच्याच माथी घेतो. माझ्या मते सारा भेद एवढ्यातच आहे.

शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ पासून कर्णाची निष्ठा मराठी वाचकाच्या हृदयात प्रतिष्ठित केली आहे, आणि त्या कादंबरीवर माझेही प्रेम आहे. परंतु दुर्योधनाचे ऋण कर्णाचे होते. द्यूतसभेत ते द्रौपदीच्या विटंबनेने का फिटावे?

नांदेडकरांना हा प्रश्न केवळ पोथीतला वाटू नये. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपलेल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात, निजामी दौलतीच्या सनदेवर वकिली करणाऱ्या कित्येकांनी रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ न्यायालयांवर बहिष्कार टाकून आपली चालती वकिली सोडली. त्यांना कोणी बेइमान म्हणेल, तर रयतेच्या जीविताचे रक्षण करण्याचा करार त्या सरकारनेच आधी मोडला होता, हे त्याने ध्यानात घ्यावे.

आणि युयुत्सू? धृतराष्ट्राचा हा वैश्य स्त्रीपासून झालेला पुत्र युद्धाच्या आरंभी, दोन्ही सैन्यांच्या देखत, भावांचा पक्ष सोडून पांडवांकडे गेला. मध्यरात्री गुपचूप नव्हे; युधिष्ठिराने जाहीर आवाहन केले आणि हा रणभूमी ओलांडून आला. धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकी तो एकटा वाचला, म्हणजे ज्या कुळाचा त्याने त्याग केला त्याचा विनाश पाहणेही त्याच्याच वाट्याला आले. कर्णासाठी आपण जितकी पाने लिहिली त्यांच्या दशांशानेही ज्याची दखल घेतली नाही, त्या युयुत्सूवर मराठी कादंबरीकाराने लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण महाप्रस्थानाला निघताना युधिष्ठिराने परीक्षिताला गादीवर बसवले, आणि राज्याचा कारभार सोपवला तो याच, आपला पक्ष सोडून आलेल्या माणसाकडे.