माझा घड्याळांचा संसार

(मंडळाच्या गणेशोत्सवात, सभासदांच्या छंदांविषयीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

 

सेक्रेटरींनी बोलावणं केलं तेव्हाच बजावलं, “पंधरा मिनिटं बोला. तुमच्याकडे घड्याळांची कमतरता नाही, तेव्हा वेळेची सबब चालणार नाही.” म्हणून मी आज दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधून आलो आहे. दोन्हींत साडेतीन मिनिटांचा फरक आहे. त्यातलं सोयीचं घड्याळ मी शेवटी पाहीन.

माझ्याकडे घड्याळं किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. आज चोवीस आहेत. एके काळी एकशे सहा होती. एकशे सहावरून चोवीसवर कसा आलो, तेच आज सांगायचं आहे.

मी 1984 साली सांगलीहून इथे नोकरीला आलो. निघताना वडिलांनी हातातलं घड्याळ काढून माझ्या हाती दिलं. एचएमटीचं ‘जनता’. ते शाळामास्तर होते. 1974 साली त्यांनी ते घेतलं होतं, आणि दहा वर्षं रोज सकाळी पूजा झाली की त्याला चावी देत होते. “ज्या गावात हे बनतं त्याच गावात चाललायस,” एवढंच म्हणाले.

आमच्यापैकी जुन्या लोकांना एचएमटीची गोष्ट सांगायला नको, पण पुढे बसलेल्या मुलांसाठी थोडक्यात सांगतो. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 साली इथे निघाली ती यंत्रं बनवायला. घड्याळांचा कारखाना 1961 साली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने जालहळ्ळीला सुरू झाला. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि राणीबागलाही कारखाने झाले. त्याआधी आपल्याकडे चांगलं घड्याळ म्हणजे स्वित्झर्लंडचं. आजोबांकडे वेस्ट एंड किंवा फाव्हर ल्यूबा असेल तर त्याचा घरात दरारा असायचा. एचएमटीने घड्याळ मास्तरांच्या, कारकुनाच्या, शिपायाच्या मनगटावर आणलं. जनता, पायलट, कोहिनूर, जवान, बायकांसाठी सुजाता. आणि लग्नात जावयाला ‘कांचन’ मिळालं नाही म्हणून रुसवे झालेली घरं या सभागृहातही असतील!

पुढे 1984 साली टाटांनी तामिळनाडू सरकारच्या महामंडळाबरोबर टायटन काढली, शेजारच्या होसूरला. सेलची, पातळ, देखणी घड्याळं आली आणि चावीची घड्याळं कपाटात गेली. माझा छंद त्या कपाटांतूनच सुरू झाला.

माझा पहिला धडा वडिलांच्याच घड्याळाचा. नव्वदच्या दशकात मी ते एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. आठवड्याने परत मिळालं तेव्हा डायल लखलखीत, पांढरीशुभ्र! मी खूश होऊन वर दहा रुपये जास्त दिले. जुनी डायल पिवळट पडली होती, चाराच्या आकड्याजवळ पाणी गेल्याचा एक डाग होता. वडील एकदा कृष्णेच्या पुरात सायकल खांद्यावर घेऊन घरी आले होते, तो डाग तेव्हाचा. दुकानदाराने डायल नव्याने रंगवून छापली होती. त्याच्या मते त्याने माझ्यावर उपकारच केले होते. आपण काय गमावलं, हे मला दहा वर्षांनी कळलं. अशी रंगवलेली, पाच घड्याळांचे भाग जुळवून केलेली घड्याळं आपल्या देशातून भरपूर बाहेर जातात. परदेशातले संग्राहक अशा सीको घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईचं नाव असं झालेलं कोणाला आवडेल?

तेव्हा छंद लागलेल्यांना माझं पहिलं सांगणं: जुन्या घड्याळाचं मशीन स्वच्छ करा, त्याला तेल द्या, पण डायल आणि केस यांना हात लावू देऊ नका. कागदावर लिहून द्या, “रंगवू नये, घासू नये.” मी अजूनही देतो.

मग संग्रह वाढत गेला. इथला चिकपेटचा रविवारचा बाजार, सुट्टीत पुण्याला गेलो की बुधवारचा आणि रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजार. कारखान्यातले सहकारीही आणून द्यायचे, “सर, वडिलांचं आहे, बंद आहे, तुम्हीच ठेवा.” मग माझ्याकडे दोन पायलट झाली की एक देऊन दुसऱ्याचं कोहिनूर घ्यायचं. मुंबई-चेन्नईच्या संग्राहकांशी ओळखी झाल्या, कुरियरने देवाणघेवाण सुरू झाली. अशा अदलाबदलीत एक गंमत असते. दोघांनाही वाटतं, आपणच जिंकलो. मला तर प्रत्येक वेळी वाटायचं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे भाषण स्वीकारलं, ती सांगतो. घरी सांगून आलो आहे की आज सांगणार आहे.

2014 च्या सप्टेंबरात बातम्या आल्या की एचएमटीची घड्याळं बंद होणार. लोक शोरूमपुढे रांगा लावू लागले आणि जुन्या मालाचे भाव चढले. त्याच सुमारास आमच्या कॉलनीतल्या एक वयस्क बाई, आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो, घरी आल्या. त्यांचे यजमान घड्याळ कारखान्यात जोडणीच्या कामाला होते. ते जाऊन चार वर्षं झाली होती. अम्मांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत अकरा घड्याळं, डबीसकट, न वापरलेली. यजमानांनी नोकरीत असताना एकेक करून घेतलेली.

“सार, तुम्हाला यातलं कळतं. काय येईल यांचं?”

मला खरंच कळत होतं, अडचण तीच होती. मी डबा उलटसुलट पाहिला, चेहरा शक्य तितका साधा ठेवला आणि म्हणालो, “अम्मा, प्रत्येकी पाचशे देतो.” त्यांनी मान हलवली. साडेपाच हजार मोजून घेतले, आणि मी चहा विचारला तर “उशीर होतोय” म्हणून गेल्या.

पुढच्या दीड महिन्यात मी त्यातली चार विकली, चौदा हजारांना. म्हणजे उरलेली सात फुकट पडली आणि वर साडेआठ हजार सुटले. कारखान्याच्या कँटीनमध्ये मी हे फुशारकीने सांगितलं. सगळे हसले. एक तरुण सहकारी तेवढा हसला नाही. “सर, अम्मांना हे माहीत आहे का?” असं त्याने विचारलं. मी म्हणालो, “अरे, हाच तर या छंदाचा गाभा आहे. ज्याला माहीत आहे त्याचा फायदा.” आज तो इथे बसला आहे. नाव घेत नाही.

पुढच्या वर्षी, 2015 च्या गणपतीत, सौ.ने अम्मांना आरतीला बोलावलं. प्रसाद घेऊन झाल्यावर त्यांचं लक्ष माझ्या काचेच्या कपाटाकडे गेलं. त्या जवळ गेल्या, चष्मा लावला. “हे आमच्यांचं पायलट,” म्हणाल्या. “दर आयुधपूजेला सगळी बाहेर काढायचे, पुसायचे, हळद-कुंकू लावायचे, परत ठेवायचे. बरं झालं, सार, तुमच्याकडे आली. विखुरली नाहीत.” मग बोटाने मोजू लागल्या. सात झाली.

“बाकीची?”

मी म्हणालो, “सर्व्हिसिंगला दिलीत.”

मंडळी, मखरात बाप्पा, हातात आरतीचं तबक, आणि मी हे बोललो. त्यांनी “हो का” म्हटलं. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. कपाटातली एकशे सहा घड्याळं त्या रात्री मला नकोशी झाली.

विसर्जनानंतर मी ज्यांना विकली होती त्यांना फोन केले. दोन परत मिळाली, विकली त्याच्या दीडपट किमतीला. दोन पुढे गेली होती, ती गेलीच. मग एका कागदावर सगळा हिशेब लिहून अम्मांकडे गेलो आणि जे होतं ते सांगितलं. किती विकली, कितीला, आणि सर्व्हिसिंगची गोष्ट खोटी होती हेही.

त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, “विकलेल्यांचा फरक द्या.” चार घड्याळांचे बारा हजार होते, ते दिले. मग सातांतली दोन, ते पायलट आणि एक सुजाता, त्यांनी परत मागितली आणि त्यांचे हजार रुपये मोजून माझ्या हातात ठेवले. उरलेल्या पाचांचं म्हणाल्या, “आता खरा भाव सांगा.” मी सांगितला. त्यांनी तोही घेतला. निघताना मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, “सार, कमी किंमत दिलीत ते मला समजतं, बाजार आहे. पण मी मोजत असताना तुम्ही गप्प तरी राहायचं होतं.”

पुढच्या वर्षी त्या आरतीला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी आल्या.

त्यानंतर मी संग्रहाची वही घातली. आपल्या दुकानदारांच्या रोजकिर्दीसारखी लांब, लाल बासनाची. प्रत्येक घड्याळाला एक पान. मॉडेल, कधी आणि कोणाकडून आलं, काय दिलं, कोणता भाग मूळचा आणि कोणता बदललेला, सर्व्हिसिंग कधी झालं. आणि शेवटी एक रकाना: ‘देणाऱ्याला खरी किंमत सांगितली होती का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहावं लागेल असं घड्याळ मी घेत नाही. विकतानाही वहीतलं पान उतरवून बरोबर देतो. डायल रंगवलेली असेल तर रंगवलेली, काटा दुसऱ्या घड्याळाचा असेल तर तसं. भाव कमी येतो. झोप चांगली येते.

जुनी पानं भरताना लक्षात आलं की निम्म्या घड्याळांबद्दल लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, एवढंच. ती हळूहळू दिली, बदलली, विकली. चोवीस हा आकडा काही शास्त्रातला नाही. महिन्याचे कामाचे दिवस साधारण तेवढे असतात, म्हणजे प्रत्येक घड्याळ महिन्यातून एकदा हाताला लागतं. नवीन एक आलं तर जुनं एक जातं.

निगा राखण्याचं थोडं सांगतो, कारण नंतर सगळे तेच विचारतात. चावीच्या घड्याळाला दिवसातून एकदा, ठरल्या वेळी चावी द्यावी. अडलं की थांबावं, जोर करू नये. बंद ठेवलेल्या घड्याळातलं तेलही सुकतं, म्हणून महिन्यातून एकदा चालवावं आणि चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करावं. सर्व्हिसिंगचा खर्च कधी कधी घड्याळाच्या किमतीहून जास्त येतो. तेव्हा घेतानाच तो धरावा. सेलचं घड्याळ वापरात नसेल तर सेल काढून ठेवावा, तो पाझरला की मशीन गेलं. पावसाळ्यात कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. आणि रात्री टीव्हीवर, स्पीकरवर घड्याळ काढून ठेवू नये, लोहचुंबकाने ते पुढे पळायला लागतं.

सरकारने 2016 च्या जानेवारीत घड्याळ कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला. जालहळ्ळीला आता एचएमटीचं हेरिटेज सेंटर आहे. मुलांना घेऊन एकदा जरूर जा. सेकंदाला पाच टिकटिक करणारं, सतरा ज्वेलचं ते मशीन किती हातांनी जोडलं असेल ते तिथे कळतं. त्यांतले दोन हात अम्मांच्या यजमानांचे होते.

मागे अम्मांचा नातू ते पायलट घेऊन घरी आला होता. “अंकल, रोज पाच मिनिटं मागे पडतंय.” माझ्या ओळखीच्या कारागिराकडून सर्व्हिसिंग करून दिलं. डायलला हात लावू दिला नाही. त्याने बिल विचारलं, मी सांगितलं, त्याने दिलं, मी घेतलं. आमच्या दोन घरांतला व्यवहार आता चोख असतो.

माझ्या डाव्या हातात वडिलांचं ‘जनता’ आहे, तीच रंगवलेली डायल. वहीत तिच्या पानावर तसं लिहिलं आहे. हे घड्याळ म्हणतंय, पंधरा मिनिटं झाली. उजव्या हातातल्यात अजून साडेतीन मिनिटं बाकी आहेत. ती तुमच्या प्रश्नांसाठी ठेवतो.

गणपती बाप्पा मोरया!