परदेशीं शिकावयास जाण्याची पूर्वतयारी



परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी म्हटली कीं गरम कपडे, मोठी पेटी आणि लोणच्याची बरणी एवढींच डोळ्यांसमोर येतात. तीं शेवटच्या आठवड्याचीं कामें होत. खरी तयारी दीड-दोन वर्षें आधीं सुरू करावी लागते, आणि आमच्या बीड जिल्ह्यांतील मुलांस तर ती शाळेच्या दाखल्यापासून करावी लागते. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं, समुद्रही ओलांडलेला नाहीं. परंतु शाळेचें जनरल रजिस्टर आयुष्यभर पाहिलेला मनुष्य या नात्यानें हें सांगतों.

आमच्याकडे मूल शाळेंत घालतांना जन्मतारीख ठाऊक नसली कीं १ जून लिहून देण्याची चाल होती. आईचें नांव एका कागदावर सखू, दुसऱ्यावर सखुबाई. आडनांव दाखल्यावर एक, आधार कार्डावर इंग्रजी अक्षरांत निराळेंच. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांच्या मुलांच्या तर दोन-दोन शाळा झालेल्या. गांवांत हें सर्व खपतें; पासपोर्टाच्या वेळीं मात्र अडतें. शाळा सुटल्यानंतर तेथील नोंदींत फेरफार करून घेणें फार दुष्कर. नांवांतील बदल राजपत्रांत प्रसिद्ध करून घेतां येतो, पण त्यासही वेळ लागतो. म्हणून मूल दहावींत असतांनाच पालकांनीं सर्व कागद एका ओळींत मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावें. पदवीचीं गुणपत्रकें मोहोरबंद करून घेण्यास छत्रपति संभाजीनगरच्या विद्यापीठांत खेपा घालाव्या लागतात. त्यांचेही दिवस हिशेबांत धरावे.

यानंतरचा प्रश्न, कां जावयाचें? आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यापूर्वीं फेब्रुवारींत बंगालमधील सेरामपूरच्या कॉलेजांत, भर सभेंत, आपण कां जात आहों हें त्यांनीं इंग्रजींत सांगितलें. तेव्हां त्यांस अठरावें वर्ष चालू होतें. आज बहुतेक विद्यापीठें अर्जाबरोबर उद्देशपत्र मागतात. आनंदीबाईंचें भाषण हें तसें उद्देशपत्रच होय. हल्लीं तीं पत्रें शहरांतील एजंट पैसे घेऊन लिहून देतात. या एजंटांस पुष्कळदां विद्यापीठांकडूनही दलाली मिळत असते, हें पालकांनीं विसरूं नये. ज्यास आपण कां जातों हें मराठींत दहा वाक्यांत सांगतां येत नाहीं, त्यानें एक वर्ष थांबावें, असें मला वाटतें. आनंदीबाईंचें दुसरेंही स्मरण ठेवावें. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या, पण क्षयानें खंगून परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या एकविसाव्या वर्षीं गेल्या. प्रकृतीची तपासणी हा केवळ सरकारी सोपस्कार नव्हे.

आतां पैसा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या, दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. पुढें लंडन येथें अभ्यास चालू असतांनाच तिची मुदत संपली आणि १९१७ सालीं त्यांस अर्ध्यावर परतावें लागलें. मात्र पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं मिळवून ठेविली होती. प्राध्यापकीच्या पगारांतील शिल्लक, शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पांच हजार रुपये यांवर ते १९२० सालीं परत लंडनास गेले आणि १९२३ सालीं डी.एस्सी. झाले. पहिल्या वर्षाचा खर्च जमला म्हणून निघणाऱ्यानें हा इतिहास ध्यानीं ठेवावा. दुसरें वर्ष कोठून येणार?

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं राज्य सरकारची राजर्षि शाहू महाराज शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. तिच्या जागा ७५. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तींत भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांचाही समावेश आहे, हें आमच्या जिल्ह्यांत फारसें कोणास ठाऊक नाहीं. १२५ जागांपैकीं त्यांच्या व पारंपरिक कारागिरांच्या वांट्यास मिळून चारच येतात, आणि कुटुंबाचें उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आंत असावें लागतें. चार म्हणजे फार थोड्या. परंतु अर्जच न करणाऱ्यास त्याही नाहींत. बँकेचें कर्ज काढणाऱ्यानें हें जाणून असावें कीं शेतजमीन तारण घेण्यास बँका सहसा राजी नसतात. आणि मुकादमाची उचल किंवा सावकाराचे पैसे खात्यांत चार दिवस फिरवून भागत नाहीं. इंग्लंडच्या व्हिसासाठीं ती रक्कम सलग २८ दिवस खात्यांत असावी लागते. जर्मनीस जाणाऱ्यास वर्षाचा खर्च आधींच बंद खात्यांत ठेवावा लागतो.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षें चालतो, म्हणून ती फार लवकर देऊं नये. आमच्या मुलांचें व्याकरण वाईट नसतें. कानाला सवय नसते. रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकून त्या स्वतःच्या शब्दांत मोठ्यानें सांगाव्या. ऐकणारें कोणी नसलें तरी चालेल.

राहतां राहिली घरचीं माणसें. फडावर पहाटे चारला तोड सुरू होते तेव्हां न्यूयॉर्कला थंडीच्या दिवसांत आदल्या सायंकाळचे साडेपांच वाजलेले असतात. तेवढ्यांत फोनवर दोन शब्द होऊं शकतात. ही वेळ निघण्यापूर्वींच ठरवून घ्यावी आणि आईकडून एकदोनदां फोन लाववून पाहावा.