ऋतूंचा गोडवा आणि आपले दात

(मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



जेवणाच्या अगोदर दातांवर बोलायला उभे राहणे वक्त्याच्या हिताचे नसते, याची मला जाणीव आहे. आतून श्रीखंडाचा वास येत आहे. ते आपण सर्वांनी अवश्य खावे. मीही खाणार आहे. ते केव्हा खावे आणि दिवसातून किती वेळा खावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी व्यवसायाने दंतवैद्य आहे. परंतु आज प्रथम एक आई म्हणून बोलते. आम्ही या गावी राहावयास आलो तेव्हा येथील परवान्यासाठी माझा अभ्यास पुन्हा सुरू झाला होता. मुलगी अडीच वर्षांची होती. रात्री ती साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपत असे आणि दिवसा तिच्या हातात फळांच्या रसाचा पेला असे. ती शांत राही, मी पुस्तक वाची. जानेवारीत तिच्या तिसऱ्या वाढदिवसाचे फोटो पाहताना वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी रेघा दिसल्या. अखेर तिला पूर्ण भूल देऊन उपचार करावे लागले. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावण्याचे शिक्षण घेतलेल्या बाईला आपल्याच लेकीचा ओठ उचलून पाहावयास सवड झाली नव्हती! ही चूक माझी होती. ती आपल्यापैकी कोणाची होऊ नये, म्हणून आज हे सांगत आहे.

दात किडतो म्हणजे नेमके काय होते? दातांवरील थरात राहणारे जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. तोंडातील पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कठीण कवचातील खनिजे विरघळू लागतात. त्यानंतर लाळ हे आम्ल हळूहळू शमविते आणि खनिजे पुन्हा दातात बसविते. या दुरुस्तीला अर्धा ते एक तास लागतो. जेवणाबरोबर एकदा गोड खाल्ले तर लाळेला तेवढी सवड मिळते. तीच मिठाई दिवसभर थोडी थोडी खाल्ली, तर दुरुस्ती कधीच पुरी होत नाही. झोपेत लाळ फार कमी होते. म्हणूनच रात्रीची गोड बाटली सर्वांत घातक.

हे ज्ञान जगाला कसे मिळाले, तेही आपण ऐकले पाहिजे. स्वीडनमधील लुंड येथील व्हिपेहोल्म या संस्थेत 1945 पासून पुढील काही वर्षे मतिमंद रुग्णांना साखर आणि चिकट टॉफी खाऊ घालून प्रयोग करण्यात आले. 1954 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणासोबतच्या साखरेने कीड थोडी वाढली. जेवणांच्या मधल्या वेळी खाल्लेल्या चिकट टॉफीने ती फार वाढली. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. ज्यांना आवाज नाही अशांच्या देहांवर हे ज्ञान उभे आहे. ते वाया न घालविणे एवढे तरी ऋण आपण मानावे.

आता ऋतूंकडे वळू. ऑक्टोबरपासून आपल्या घरी गोडाची रांग लागते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे जेवण, रॅलेची राज्य जत्रा आणि तिच्यातील साखरेत बुडविलेली सफरचंदे, शेजाऱ्यांकडून येणारा दिवाळीचा फराळ आणि 31 तारखेचे हॅलोविन. मुले पिशवी भरून गोळ्या आणतात आणि आपण शहाणपणाने सांगतो, "रोज एकच खा." दातांच्या दृष्टीने हा सल्ला पुरता योग्य नाही. रोज दुपारी एकच टॉफी म्हणजे महिनाभर रोज नवा हल्ला. त्यापेक्षा त्या रात्री जेवणानंतर मुलाला आवडतील तेवढ्या खाऊ द्या, नंतर दात घासून घ्या आणि उरलेल्या बहुतेक काढून टाका. ज्या ठेवाल त्या जेवणानंतरच द्या. चॉकलेट लवकर विरघळून जाते. चिकट कॅरमेल आणि तासन्‌तास चघळायच्या कडक गोळ्या अधिक वाईट.

हिवाळ्यात तिळगूळ, चिक्की आणि येथील पट्टेरी साखरकाड्या येतात. गूळ नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, असे पुष्कळ भगिनी मला सांगतात. जंतूंना हा भेद कळत नाही. गूळही बहुतांशी साखरच आहे, आणि मधाचीही तीच गोष्ट. खजूर, मनुका दातांच्या खाचांत चिकटून राहतात. ज्यांच्या दातांत जुनी भरणी आहे अशा वडीलधाऱ्यांनी चिक्कीचा तुकडा दाताने फोडू नये.

वैशाखी पौर्णिमेला सुजातेची आठवण म्हणून आपण खीर करतो. ती जेवणाबरोबर वाटीभर घ्यावी. तिच्यापासून भय नाही. खरे संकट त्यानंतरच्या उन्हाळ्यात असते. नॉर्थ कॅरोलिना हे पेप्सीचे जन्मस्थान. न्यू बर्न येथील औषधविक्रेते केलेब ब्रॅडहॅम यांनी 1893 साली हे पेय बनविले आणि 1898 साली त्याला आजचे नाव दिले. त्यात दक्षिणेकडील गोड थंड चहाची भर. कोलाच्या 355 मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 10 चमचे साखर असते. दोन वर्षांवरील मुलाला वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमहून कमी असावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 साली सांगितले. एका डब्यातच ती मर्यादा ओलांडली जाते.

साखर नसलेला कोलाही आम्लच असतो. तो कवचाची थेट झीज करतो. त्यासाठी जंतूंची गरज लागत नाही. आपली पन्हे, लिंबू आणि कोकम सरबतेही आम्लधर्मी आहेत. ती सोडा असे मी म्हणत नाही. जेवणासोबत एकदम प्यावीत, घोट घोट तासभर पिऊ नयेत, आणि नंतर पाण्याने चूळ भरावी. आंबट प्याल्यावर लगेच दात घासू नयेत. कवच त्या वेळी मऊ असते. अर्धा ते एक तास थांबावे. चर्च स्ट्रीट पार्कच्या मैदानावर आपली मुले क्रिकेट खेळतात आणि षटकागणिक रंगीत खेळपेयाचा घोट घेतात. तेही आम्ल आणि साखरच. तहानेला पाणी पुरते.

पाण्यावरून एक गोष्ट. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते. तेथे वाढलेल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग असतात. ती अस्वच्छता नव्हे. कोणी त्यांना हिणवू नये. तेच फ्लोराइड अल्प प्रमाणात दातांचे रक्षण करते. 2015 पासून या देशात लिटरला 0.7 मिलिग्रॅम हे प्रमाण सुचविले आहे. 2025 साली युटा आणि फ्लोरिडा राज्यांनी पाण्यात ते मिसळणे बंद केले. म्हणून आपल्या नळाच्या पाण्याचा वार्षिक अहवाल वाचावा. घरी रिव्हर्स ऑस्मोसिसचे यंत्र असेल तर ते बरेचसे फ्लोराइड काढून टाकते, हेही ध्यानात ठेवावे.

भारतातून आलेल्या आई-मावशींना एक विनंती. माझी आजी मिश्रीने दात घासत असे. तिला वाटे, दात बळकट होतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने हिरड्या खराब होतात आणि तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो. कृपा करून ती येताना आणू नका. सुनांनी आणि लेकींनीही त्यांना रागावू नये. ज्या काळात गावात दंतवैद्य नव्हता, त्या काळातील ती सवय आहे.

घरोघरी पाळण्याजोगे थोडेसे. दिवसातून दोनदा, त्यांत रात्री झोपण्यापूर्वी नक्की, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नये. पहिल्या वाढदिवसापर्यंत मुलाचे दात दंतवैद्याला दाखवावेत. महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. त्या वेळी ती थांबविता येते. खर्चाची अडचण असेल त्यांनी चॅपेल हिल येथील विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. तेथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली कमी शुल्कात उपचार करतात. संकोच करू नये.

बंधू-भगिनींनो, दातांची निगा ही आपल्याला परकी शिकवण नाही. विनयपिटकात भगवान बुद्धांनी भिक्षूंना दातवण वापरण्याची अनुज्ञा दिली आहे आणि त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: डोळ्यांना हितकर, तोंडास दुर्गंधी नाही, रसवाहिन्या शुद्ध, अन्नावर पित्त-कफाचे आवरण नाही आणि अन्न रुचकर लागते. त्या सूचनेमागे भिक्षूंचा अनुभव आणि निरीक्षण आहे. आपणही तसेच पाहावे, तपासावे आणि मग वागावे.

आणि शेवटी, दातांसाठी सर्वांत उत्तम पेय साधे पाणी आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांनी ओंजळभर पाण्यासाठी संघर्ष केला, त्यांची आपण लेकरे आहोत. येथे नळ उघडला की स्वच्छ पाणी येते. आपल्या मुलांच्या हातातील पेल्यात ते असावे, एवढीच विनंती करून मी आपले दोन शब्द संपविते.

जयभीम! नमो बुद्धाय!