कानस हातात घेतल्यावर

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना माणसं हवीत, पण हात बसलेली. तो हात बसतो आयटीआयमध्ये. फिटरचा अभ्यासक्रम २ वर्षांचा, वेल्डरचा १ वर्षाचा. फिटरची सुरुवात कानशीपासून. लोखंडाचा तुकडा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली, की पुन्हा घासायचं. सीएनसी मशीनच्या जमान्यात हे कशाला, असं पोरांना वाटतंच. पण मशीन चुकलं, तर ते ओळखायला नजर लागते. पुढचं शिक्षण कारखान्यातच. त्यासाठी १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला त्यांच्या संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, तेही विद्यावेतन देऊन. दहावी झालेल्यांनी जवळच्या आयटीआयमध्ये एकदा डोकावून यावं.