क्योतोच्या रुग्णालयातील वसईकर

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव वसईत कोणालाही नवे नाही. गासचे चर्च त्यांच्या नावाचे आहे, याच परिसरातील एक महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर त्यांना आलेले मरण धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मात्र या परिचयात त्यांच्या मरणाने त्यांचे जगणे झाकून टाकले आहे. पदवी घेऊन व्यवसायात, नोकरीत किंवा परदेशी जाणाऱ्या स्नातकांना त्यांच्या जीवनातील उपयोगी पडणारा भाग नागासाकीच्या टेकडीवरचा नाही. तो त्याआधीच्या पंचवीस वर्षांचा आहे, आणि त्या वर्षांत चमत्कार फारसे नाहीत, शिकणे, व्यापार, दुभाषेपण आणि रुग्णसेवा आहे.

गोन्सालो यांचा जन्म १५५६च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई कोकणातली असल्यामुळे ते दोन भाषांच्या आणि दोन रीतींच्या घरात वाढले. येशूसंघाच्या, म्हणजे इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या संन्यासी संघाच्या, धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि विशीत पोचण्यापूर्वीच ते त्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षकाचे काम, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वे लोकांना त्यांच्याच बोलीत समजावून सांगण्याचे काम, ते करू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही. तेव्हा ते व्यापारात शिरले, त्यात यशस्वी झाले, आणि पुढे फिलिपिन्समधील मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून दाखल झाले. धर्मबंधू म्हणजे संन्यासाची व्रते घेतलेला, परंतु धर्मगुरूची दीक्षा न मिळालेला संघसदस्य. तो मिस्सा अर्पण करू शकत नाही, पापनिवेदन ऐकू शकत नाही, आणि संघात त्याच्या वाट्याला बहुधा स्वयंपाक, बागकाम, दाराची राखण अशी कामे येतात.

फिलिपिन्सच्या गव्हर्नरने १५९३ साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे फ्रान्सिस्कन संन्यासी पेद्रो बाउतिस्ता यांना दूत म्हणून पाठवले, तेव्हा याच धर्मबंधूला दुभाषा म्हणून बरोबर घेण्यात आले. ज्याला एका संघाचे दार उघडले नव्हते, त्याच्या तोंडून आता एका साम्राज्याच्या दरबारात बोलणी होणार होती, आणि त्यासाठी त्याच्याजवळ भांडवल होते ते तारुण्यात कष्टाने मिळवलेल्या भाषेचे. ही गोष्ट सुशिक्षित तरुणांनी नीट पाहण्याजोगी आहे. परदेशी सेवेची इच्छा अनेकांना होते, परंतु ज्यांची सेवा करायची त्यांच्या भाषेत त्यांचे म्हणणे ऐकण्याची तयारी नसेल, तर ती इच्छा सेवकाच्याच मनाचे समाधान करून थांबते.

हिदेयोशीच्या परवानगीने क्योतो येथे या संन्याशांना जागा मिळाली. तेथे त्यांनी चर्च आणि निवासाबरोबर रुग्णालये उभारली, आणि त्यांत कुष्ठरोग्यांना आसरा दिला. कुष्ठरोगाचे जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेन यांनी शोधले आणि त्यावरची बहुविध औषधोपचार पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८०च्या दशकाच्या आरंभी सुचवली. म्हणजे गोन्सालो यांच्या काळात या रोगावर कोणताही इलाज नव्हता. रोगी बरा होईल अशी आशा तेथे काम करणाऱ्या कोणालाही बाळगता येत नव्हती. जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, अन्न भरवणे, रात्री निजायला छप्पर देणे आणि ज्याला घरच्यांनीही दूर केले त्याच्या शेजारी बसणे एवढेच करता येत होते, आणि तेवढेच रोज, दुसऱ्या दिवशी पुन्हा, करावे लागत होते. ख्रिस्ती परंपरेत ज्याला करुणेची कृत्ये म्हणतात, म्हणजे भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, रुग्णाची भेट, त्यांचे स्वरूप हेच आहे: त्यांचे फळ दिसेलच याची हमी नसते आणि तरीही ती करायची असतात. यश मोजण्याची सवय लागलेल्या आजच्या शिक्षणव्यवस्थेने या कामाकडे आदराने पाहायला शिकणे अगत्याचे आहे.

त्या रुग्णालयांचा भार केवळ परदेशी संन्याशांनी उचलला नव्हता. नागासाकीला गोन्सालो यांच्यासह क्रुसावर चढवलेल्या २६ जणांपैकी २० जण जपानी होते, आणि त्यांतले बरेचसे फ्रान्सिस्कनांच्या तिसऱ्या संघाचे सदस्य होते. तिसरा संघ म्हणजे संसारात राहून, आपापला धंदा करत संत फ्रान्सिसच्या शिकवणुकीप्रमाणे जगू पाहणाऱ्या प्रापंचिकांचा समूह. त्यांत तलवारी घडवणारा कारागीर कोस्मे ताकेया होता, वैद्य फ्रान्सिस होता, स्वयंपाक करणारा योआकिम साकाकिबारा होता, रुग्णालयाची देखभाल करणारा पाउल सुझुकी होता. आणि एक सुतार, फ्रान्सिस्को किची, नागासाकीकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यांच्या सोबतीला वाटेत चालत राहिला म्हणून त्यालाही त्यांच्यात ओढण्यात आले. १२ वर्षांचा लुईस इबाराकीही त्यांच्यात होता. ही नावे वसईच्या धर्मग्रामांत गोन्सालो यांच्या नावाबरोबरच घेतली जावीत. चर्चने १८६२ साली या सर्वांना एकत्र संत घोषित केले, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगावर धर्मगुरूचा झगा कधीच चढला नव्हता.

त्यांना मरण का आले, याकडेही डोळेझाक करता येत नाही. १५९६ साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातला माल जप्त होत असताना जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने स्पेनच्या राजसत्तेचा विस्तार सांगताना मिशनरी आधी जातात आणि सैन्य मागून येते अशा आशयाची बढाई मारली, असे वृत्त हिदेयोशीपर्यंत पोचले. त्याने संन्यासी आणि त्यांचे जपानी सोबती पकडण्याचा हुकूम दिला. त्यांच्या डाव्या कानांचे भाग कापण्यात आले आणि ऐन हिवाळ्यात त्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालवत नेले. हिदेयोशीचे क्रौर्य क्षम्य ठरत नाही, परंतु त्याची शंका निराधार होती असेही म्हणता येत नाही. वसईलाच, ती पोर्तुगीजांच्या हाती देणाऱ्या १५३४च्या तहानंतर, क्रूस आणि तोफ एकाच गलबतातून उतरताना दिसली होती. कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांना एका फुशारकीची किंमत चुकवावी लागली, आणि सत्तेच्या आश्रयाने जाणारी सेवा संशयित का ठरते याचे याहून दुःखद उदाहरण सापडणे कठीण आहे.

सत्ता गेल्यावर श्रद्धेचे काय होते, हेही वसईने पाहिले. १७३९ साली मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, किल्ल्यातील मोठमोठे मठ आणि चर्चे ओस पडली, परदेशी धर्मगुरू निघून गेले. परंतु वाडवळ, सामवेदी, कोळी अशा समाजांतील ख्रिस्ती कुटुंबांनी आपली श्रद्धा सोडली नाही. पानमळे आणि केळीच्या बागा शिंपणाऱ्या, भाजीची पाटी बाजारात नेणाऱ्या, दर्यावर जाळी टाकणाऱ्या लोकांनी ती संध्याकाळच्या प्रार्थनेत, लग्नाच्या गाण्यांत आणि स्वतःच्या बोलीत जपली. १९१८ साली येथे सुरू झालेली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक याच रोजच्या श्रद्धेच्या परंपरेत वाचली पाहिजे, कारण अडलेल्याला योग्य दराने कर्ज मिळवून देणे हेही करुणेचे कृत्य आहे. पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या लढ्यात उभे राहिलेले आणि बायबल सुबोध मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच परंपरेतले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, पवित्र जीवनाचे पाचारण प्रत्येक प्रापंचिकालाही आहे असे स्पष्ट सांगितले. वसईच्या वाडीत ते आधीपासून जगले जात होते.

सेवेचा प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे, आणि त्याची आठवण ठेवणे नम्रतेसाठी आवश्यक आहे. विल्यम वॉन्लेस हे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर परक्या देशातून मराठी मुलखात आले, त्यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उभारले आणि स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण दिले. सांगली-मिरजेच्या मधली वॉन्लेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. त्यांच्या दृष्टीने मिरज हा परदेश होता. ज्या मुलखाने परक्यांची सेवा घेतली आहे, त्याच्या मुलांनी परदेशी जाताना केवळ पगाराचा हिशोब घेऊन जाणे पुरेसे नाही. वसईचे परिचारक, अभियंते आणि लेखापाल आखाती देशांत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जातात, आणि त्यात वावगे काही नाही. गोन्सालोही आधी व्यापारीच होते. परंतु ज्या शहरात ते काम करतील तेथेही एकाकी वृद्ध असतील, कागदपत्रांविना अडकलेले मजूर असतील, मराठी किंवा हिंदी बोलणारा कोणी भेटला तर ज्यांचा जीव हलका होईल असे रुग्ण असतील. रविवारच्या मिस्सेला जाणाऱ्याची श्रद्धा सोमवारी अशाच माणसांपाशी कसाला लागते.

ज्यांना परदेशी जायचे नाही, त्यांना तितकेच दूरचे जग रेल्वेमार्गाच्या पूर्वेला सापडेल. जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या १९९२-९३ साली तेथील वावर-वांगणी या गावाने साऱ्या महाराष्ट्राला ऐकवल्या, आणि तो प्रश्न २०१४ साली पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यावरही मिटला नाही. पावसाळा संपला की वारली आणि कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांची शाळा तुटते, आणि त्यांचा आजार सांगायला त्यांच्याजवळ असलेले शब्द अनेकदा दवाखान्यातल्या कोणालाच कळत नाहीत. तेथे वारली बोली समजणारी परिचारिका हवी आहे, मजुरीच्या उचलीचा हिशोब मजुराला वाचून दाखवणारा वाणिज्य पदवीधर हवा आहे, आणि पाड्यावर टिकून राहणारा शिक्षक हवा आहे. वसईहून जव्हारला एका दिवसात जाऊन येता येते. तेथे काम करू इच्छिणाऱ्या स्नातकाने पहिले वर्ष केवळ ऐकण्यात आणि बोली शिकण्यात घालवले, तर त्या वर्षाचा खर्च वसईच्या धर्मग्रामांनी आणि सहकारी संस्थांनी आनंदाने उचलावा.