हमीचा कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आरोग्य, बालसंगोपन, अल्पबचत अशा विषयांवर बोलण्याची आपल्या मंडळाची रीत आहे. मी मात्र आज मोटारीच्या इंजिनावर बोलणार आहे. विषयाचे नाव कळवले तेव्हा आपल्या कार्यवाहबाईंनी “इंजिनच ना?” असे दोनदा विचारून घेतले. त्यांची शंका रास्त होती. परंतु आपल्यापैकी निदान वीसपंचवीस घरांपुढे आज मोटार उभी असते, आणि त्यांतल्या कित्येक मोटारी घरातल्या बाईच्या नावावर आहेत. जी वस्तू आपल्या नावावर आहे, जिचा हप्ता आपल्या पगारातून जातो, तिच्याविषयी चार गोष्टी आपण जाणून घ्याव्यात, यात वावगे काही नाही.

प्रथम घडलेली हकीकत थोडक्यात सांगते. आम्ही २०२३ च्या फेब्रुवारीत पेट्रोलवर चालणारी नवी मोटार घेतली. मामंजींना दर पंधरवड्याला पुण्याच्या रुग्णालयात न्यावे लागे, एस.टी.चा प्रवास त्यांना झेपेनासा झाला होता, म्हणून बँकेचे कर्ज काढून हा खर्च केला. ऑक्टोबरात, गाडीचे अवघे आठ महिने आणि ८,४०० किलोमीटर झाले असताना, पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढावर दर्शनी पट्टीवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला. मी गाडी कडेला घेईपर्यंत आतून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले नाही. मागच्या आसनावर मामंजी, बाहेर मालमोटारींची रांग आणि दिवस मावळतीला आलेला. महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर दूरध्वनी केला, त्यांच्या माणसांनी गाडी सुरक्षित जागी हलवली. पुढे कंपनीच्या मदतवाहनाने ती साताऱ्याच्या कार्यशाळेत नेली.

आता इंजिनात होते काय, हे आपल्या भाषेत सांगते. उखळात मुसळ वरखाली व्हावे तसा सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली होतो, मिनिटाला हजारो वेळा. त्या दट्ट्याची दांडी ज्या दंडाला फिरवते, त्या दोहोंच्या सांध्यात बेअरिंगची पातळ कडी असते. धातूला धातू घासू नये म्हणून तिच्यात सतत दाबाने तेल खेळते ठेवावे लागते. शिवणयंत्राला तेल घातले नाही तर ते कुरकुरते, आपण थांबतो, दोन थेंब सोडतो. इंजिन इतकी सवड देत नाही. तेलाचा पंप बिघडला, तेलाची वाट चोंदली, किंवा तेल गळून गेले, की काही क्षणांत बेअरिंग तापून झिजते, दांडी खिळखिळी होते आणि सगळा कारभार आटोपतो. म्हणून भगिनींनो, पिवळा दिवा लागला तर ‘लवकर दाखवून घ्या’ असे समजावे, परंतु तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर जागा बघून तात्काळ इंजिन बंद करावे. ‘पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ’ हा विचार त्या क्षणी करू नये. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला तरी हाच नियम.

“पण नव्या गाडीला असे कसे होईल?” हा प्रश्न मला शंभर जणांनी विचारला असेल. होते. इंजिनाचे लोखंड कापताना, भोके पाडताना बारीक किसाचे कण निघतात. ते पूर्ण धुऊन काढले नाहीत तर तेलाबरोबर फिरत बेअरिंगमध्ये जाऊन बसतात. गुणवत्तेसाठी जगभर नावाजलेल्या टोयोटा कंपनीने मे २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार वाहने याच कारणासाठी परत बोलावली. २०२२ आणि २०२३ सालच्या त्या गाड्यांच्या इंजिनात घडणीच्या वेळचे धातूचे कण राहिले असण्याची शक्यता होती. थोरामोठ्यांच्या कारखान्यातही असे घडते. दोष घडणे हा गुन्हा नव्हे. घडलेला दोष ग्राहकाच्या गळ्यात बांधणे, हे मात्र सहन करण्याजोगे नाही.

आमच्या बाबतीत तेच होऊ घातले होते. तिसऱ्या दिवशी कार्यशाळेतल्या गृहस्थांनी सांगितले, “तेल कमी होते, देखभाल नीट झालेली नाही, हे वॉरंटीत बसणार नाही. २ लाख १० हजारांपर्यंत खर्च येईल.” मी कारणे विचारू लागले, तर ते म्हणाले, “ताई, हे तांत्रिक आहे, तुम्ही मिस्टरांना पाठवा.” मी म्हटले, “गाडी माझ्या नावावर आहे, हप्ता माझ्या खात्यातून जातो, तेव्हा जे सांगायचे ते मलाच सांगा. आणि आत्ता बोललात ते लिहून द्या.” लिहून द्यायला मात्र ते तयार होईनात. भगिनींनो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तोंडी नकार देणारा माणूस लेखी नकार द्यायला कचरतो, कारण लेखी नकाराला कारण द्यावे लागते आणि दिलेले कारण पुढे सिद्ध करावे लागते.

कर नाही त्याला डर कशाला? पहिल्या १,००० आणि पुढे ५,००० किलोमीटरची तपासणी त्यांच्याच कार्यशाळेत वेळेवर झालेली होती. दोन्ही पावत्या, नोंदपुस्तिकेवरचे शिक्के आणि पुस्तिकेतले ‘तेल १०,००० किलोमीटरला बदलावे’ हे कलम, एवढे माझ्यापाशी होते. त्याच रात्री मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ई-मेल पाठवला आणि प्रत विक्रेत्याला दिली. तीन मागण्या केल्या. कंपनीचा अभियंता यावा. इंजिन माझ्यासमक्ष उघडावे. आणि गाडीच्या संगणकात त्या क्षणी नोंदले गेलेले दोषांक छापून मिळावेत. हल्लीच्या गाडीत एक छोटा संगणक असतो, आणि बिघाड झाला की त्याचा अंक व बहुधा त्या वेळचा वेग, तापमान असा तपशीलही तो टिपून ठेवतो. माणसाच्या स्मरणापेक्षा हा साक्षीदार भक्कम. आठवडाभर उत्तर आले नाही, तेव्हा दहाव्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही मदतवाहिनी म्हणजे न्यायालय नव्हे, ती निकाल देत नाही. परंतु तक्रार कंपनीपुढे ठेवून उत्तर मागते. त्यानंतर चक्रे हलली.

सव्विसाव्या दिवशी अभियंता आला आणि इंजिन उघडले. मी समोर लाकडी खुर्ची टाकून बसले होते. तेलाच्या तळभांड्यात चकाकणारा चुरा होता, आणि एका बेअरिंगची कडी पार सोलून निघाली होती. मी प्रत्येक भागाचे छायाचित्र घेतले. अभियंत्याने अहवालात धातूच्या कणामुळे तेलाची वाट अडल्याचे लिहिले, आणि देखभालीचा दोष नाही असेही लिहिले. तो तरुण मुलगा प्रामाणिक होता. त्याचे नाव घेत नाही, पण त्याला मनापासून आशीर्वाद दिले. एक्केचाळिसाव्या दिवशी कंपनीच्या खर्चाने नवे इंजिन बसून गाडी घरी आली आणि त्या इंजिनावर वर्षाची जादा हमी लेखी मिळाली. मधल्या काळातले भाड्याच्या गाडीचे पैसे मात्र मिळाले नाहीत, आणि बँकेचा हप्ता एकदाही थांबला नाही. मामंजींच्या तीन फेऱ्या आम्ही भाड्याने केल्या. तेव्हा सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही.

मोटारच बदलून का मागितली नाही, असेही पुष्कळांनी विचारले. यात कायद्याची बाजू समजून घ्यावी. हमीपत्रात सामान्यतः ‘सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ’ एवढेच वचन असते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या प्रकरणात हेच सांगितले की, वचन भाग बदलण्याचे असेल तर तेवढ्यावरून सबंध गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. उलट २०१० साली दुसऱ्या एका प्रकरणात, इंजिन बदलूनही आवाजाची तक्रार राहिली, तेव्हा त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करवून घ्यावी आणि मूळ घडणीचा दोष आढळल्यास गाडीची किंमत व्याजासह परत द्यावी, असे ठरवले. म्हणजे सगळा भार पुराव्यावर. एकदा दुरुस्त होऊन नीट चालली तर भाग. पुनःपुन्हा तोच रोग उद्भवला तर गाडी.

आता या अनुभवातून आपल्याला उपयोगी पडतील अशा गोष्टी सांगते. गाडी कार्यशाळेत देताना जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावावी. किलोमीटर, दिवस, वेळ लिहावी आणि प्रत घेतल्याशिवाय निघू नये. कोऱ्या कागदावर किंवा खर्चाच्या अंदाजावर सही करू नये. इंजिन उघडण्यास संमती देताना, हमी नाकारल्यास उघडण्याचा खर्च कोणाचा, हे आधी लेखी ठरवावे. गाडी परत घेताना ‘पूर्ण समाधान झाले’ असे छापील वाक्य असते. त्याखाली ‘चालवून पाहण्याच्या अधीन’ असे हाताने लिहून मग सही करावी. आणि इंजिन बदलले तर त्याचा क्रमांक बदलतो. तो आर.टी.ओ.त नोंदणीपुस्तकावर आणि विम्याच्या कागदावर चढवून घ्यावा, नाहीतर पुढे अपघाताच्या किंवा विक्रीच्या वेळी नसती पंचाईत होते. विम्याविषयी एक गैरसमजही दूर करते. नेहमीचा मोटारविमा यांत्रिक बिघाडाचे पैसे देत नाही. पुराच्या पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी शिरले, तर ना हमी उपयोगी पडत ना साधा विमा. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण विम्यात जोडून घ्यावे लागते.

एवढे करूनही दाद लागली नाही तर ग्राहक आयोगाचे दार आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आहे. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे. आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच ती करता येते. कंपनीच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे, आणि तीत कंपनी व विक्रेता दोघांनाही सामील करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय उरत नाही. वस्तूची तपासणी आवश्यक असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

हे सर्व एकटीने करायचे म्हटले की जीव दडपतो. परंतु आपल्याकडे हे काम बायकांनी मिळून केल्याची परंपरा आहे. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध स्त्रियांना एकत्र केले आणि हातात लाटणी घेतलेल्या गृहिणी रस्त्यावर आल्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि कुटुंबे मिळून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करू लागली. डाळतांदळाचे माप बघणाऱ्या त्या भगिनींचाच वारसा आपण मोटारीच्या, शीतकपाटाच्या आणि धुलाईयंत्राच्या कागदांपर्यंत नेला पाहिजे.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक तास मंडळाच्या खोलीत ‘कागदांचा तास’ ठेवावा. प्रत्येकीने घरातल्या मोठ्या वस्तूंच्या पावत्या, हमीपत्रे, विम्याचे कागद घेऊन यावे. जिला वाचता येत नाही तिला दुसरीने वाचून दाखवावे. मुदत कधी संपते ती तारीख वहीत टिपावी. कोणावर प्रसंग आला तर तिच्याबरोबर कार्यशाळेत दोघीजणींनी जावे. “मिस्टरांना पाठवा” हे वाक्य तीन बायका समोर बसल्या असता सहसा कोणी उच्चारत नाही. पहिल्या तासाला माझी फाइल मी घेऊन येईन, आणि तक्रारीच्या पत्राचा मसुदा हवा त्या भगिनीला उतरवून घेऊ देईन.