पाणिग्रहण
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



विवाहाला आपल्याकडे जी अनेक नावे आहेत, त्यांत 'पाणिग्रहण' हे आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते. पाणि म्हणजे हात. वराने वधूचा हात धरावयाचा, एवढाच हा विधी. परंतु कन्यादान व पाणिग्रहण ही एकच, अशी समजूत पुष्कळ घरांतून आढळते. ती बरोबर नाही.

कन्यादानात काशाच्या पात्रावर हात धरले जातात, वधूमाता पाण्याची धार सोडते आणि पिता कन्या वराच्या हाती देतो. पाणिग्रहण होते ते त्यानंतर, विवाहहोमाच्या वेळी, अग्नीजवळ. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे तेव्हा वधू पूर्वाभिमुख बसलेली असते व वर तिच्यासमोर उभा असतो. त्या वेळचा मंत्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८५ व्या सूक्तातला आहे. त्यात वर प्रत्यक्ष वधूशीच बोलतो. सौभाग्यासाठी आपण तिचा हात धरीत आहो, तिने आपल्यासह वार्धक्यापर्यंत पोहोचावे आणि भग, अर्यमा, सविता आदी देवांनीच तिला आपल्याला दिले आहे, असा त्याचा आशय. पित्याचा तेथे उल्लेखही नाही! कन्यादानात ती दिली जाते. येथे मात्र तिला उद्देशून शब्द दिला जातो.

सूत्रकार आणखी सांगतो की, पुत्र हवे असल्यास अंगठा धरावा, कन्या हव्या असल्यास बोटे, आणि दोन्ही हवी असल्यास अंगठ्यासह हात. कन्येची इच्छा करणाराही सूत्रकाराने गृहीत धरला होता, हे मुलगी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता आमचीच एक चूक सांगतो. आमच्या कन्येच्या लग्नात अक्षता पडताच आम्ही पंगतीकडे धावलो. परतलो तेव्हा पाणिग्रहण व सप्तपदी होऊन गेली होती. मांडवात भटजी, फोटोग्राफर आणि दोन पेंगुळलेली मुले एवढीच होती. "बाबा, तुम्ही कुठे होता?" मुलीने विचारले. आम्ही पाहुण्यांना श्रीखंडाचा आग्रह करीत होतो!

जेथे सप्तपदीचा विधी आहे तेथे सातव्या पावलावर विवाह पूर्ण होतो, असे १९५५ चा हिंदू विवाह कायदाही सांगतो. म्हणजे आपण लग्न पुरते लागण्यापूर्वीच जेवावयास बसतो. तेव्हा आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे की, मंडळाच्या कार्यालयात सप्तपदी होईपर्यंत पाने मांडू नयेत, आणि पाणिग्रहणाच्या मंत्राचा अर्थ भटजींनी सर्वांस ऐकू जाईल असा मराठीत सांगावा. आमच्या धाकट्या मुलीचे लग्न येत्या वैशाखात आहे. आम्ही मांडवातच बसणार आहो.